संघर्षकाळातील धम्म : खुलताबाद परिसराच्या निमित्ताने

खुलताबाद हे छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीच्या औरंगाबादपासून) सुमारे २५ किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर वसलेले तालुक्याचे लहानसे गाव. जुनी माणसे त्याला रौझा म्हणत. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे येथे आहेत. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर याची कबर येथे आहे. इ.स. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाला झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली पुरले तेही येथेच. याच गावात भद्रा मारुतीचे देवस्थान आहे. घाट उतरून गेले की याच तालुक्यातील वेरूळची लेणी लागतात. त्यांपैकी १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत. शहराच्या वाटेला लागले की दौलताबादचा किल्ला येतो.

हा परिसर गेल्या काही वर्षांत वारंवार वृत्तपत्रांतून गाजला. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीने जोर धरला. १७ मार्च रोजी नागपुरात या मागणीसाठी निदर्शने झाली. पवित्र वचने लिहिलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि सायंकाळी हिंसाचार उसळला. वाहने जाळण्यात आली, अनेक जण जखमी झाले, शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली आणि जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी पंचशील ग्रहण केले, त्याच नगरीत हे घडले. इकडे खुलताबादेत पोलीस बंदोबस्त वाढला.

अशा वेळी बौद्ध समाजातून दोन प्रश्न विचारले जातात. पहिला असा की, हा वाद दोन इतर समाजांचा आहे, त्यात आपले काय? दुसरा अधिक टोकदार आहे. आमची घरे जाळली गेली तेव्हा आम्हाला शांततेचे धडे दिले गेले. मग अहिंसा ही दुर्बलाला गप्प बसवण्याची युक्ती तर नव्हे? हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना घोषणेने उत्तर देता येणार नाही. प्रस्तुत लेखात आम्ही पालि वाङ्मय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आणि याच भूमीचा अलीकडचा इतिहास यांच्या आधारे त्यांचा विचार करणार आहोत.

रोहिणीचे पाणी

शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलहाची कथा कुणालजातकाच्या प्रास्ताविकात आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. कपिलवस्तू आणि कोलियांचे नगर यांमधून रोहिणी नदी वाहत होती. तिच्यावर एकच बांध होता आणि त्याच्या पाण्यावर दोन्हीकडची शेती होत असे. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली. कोलियांचे शेतमजूर म्हणाले, पाणी वाटून घेतले तर कोणालाच पुरणार नाही. आमचे पीक एका पाण्यावर येईल, तेव्हा ते आम्हाला द्या. शाक्यांच्या मजुरांचे म्हणणे शब्दशः तेच होते. दोघांचीही गरज खरी होती. बोलण्यातून हात उगारला गेला. आणि मग जे घडले त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. भांडण पाण्यावरून उठून जन्मावर गेले. एकाने दुसऱ्याच्या कुळाच्या उत्पत्तीवरून हीन शब्द उच्चारले, दुसऱ्याने पहिल्याच्या पूर्वजांच्या रोगावरून. मजुरांनी ही गोष्ट अमात्यांना सांगितली, अमात्यांनी राजकुळांना. आणि शस्त्रे घेऊन जे क्षत्रिय नदीकाठी आले ते पाण्यासाठी आले नव्हते, कुळाच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी आले होते.

अट्ठकथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तथागतांनी तेथे वापरलेली पद्धत अत्यंत बोधप्रद आहे. त्यांनी प्रथम उपदेश केला नाही, प्रश्न विचारला. हा कलह कशासाठी आहे? राजांना ते ठाऊक नव्हते. सेनापतीला विचारले, उपराजाला विचारले, एकेक पायरी खाली उतरत प्रश्न अखेर दास आणि मजुरांपर्यंत गेला. तेव्हा कारण कळले : पाणी. मरायला आणि मारायला सिद्ध झालेल्या दोन सैन्यांना आपण का लढतो आहोत हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते सर्वांत खालच्या माणसाला. मग तथागतांनी दुसरा प्रश्न विचारला. पाण्याचे मोल किती आणि माणसांचे मोल किती? याच प्रसंगी अत्तदण्डसुत्त सांगितले गेले, अशी परंपरा आहे. सुत्तनिपातातील अट्ठकवग्गाचे हे पंधरावे सुत्त. दंड हाती घेण्यातूनच भय जन्मते, हे त्याचे प्रारंभीचे सूत्र. अटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे परस्परांशी झुंजताना पाहून आपल्याला संवेग कसा झाला, आणि माणसाच्या हृदयात खोल रुतलेले शल्य आपल्याला कसे दिसले, हे तथागत त्यात सांगतात. संघर्षाचे कारण बाहेर असते, पण तो पेटता ठेवणारे शल्य आत असते. बाहेरचे कारण न शोधता केवळ आतल्या शल्याविषयी बोलणे हा भाबडेपणा होईल. उलट बाहेरचे कारण मिटवून आतले शल्य तसेच ठेवणे हा अपुरा उपचार ठरेल.

बाबासाहेबांचा सिद्धार्थ

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीच्या कलहाला वेगळे स्थान दिले, हे आपल्या वाचकांना ज्ञात आहे. तेथे हा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा नाही. तोच सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण आहे. शाक्य संघाचा सदस्य या नात्याने आठव्या वर्षी सिद्धार्थासमोर युद्धाचा ठराव येतो. तो ठरावाला विरोध करतो. केवळ युद्ध वाईट असते एवढेच सांगून तो थांबत नाही. प्रथम, दोष कोणाचा याची चौकशी व्हावी असे तो म्हणतो, आणि आपल्याही माणसांनी आगळीक केल्याचे ऐकिवात आहे, हे भर सभेत बोलून दाखवतो. नंतर तो निवाड्याची रीत सुचवतो : दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा. ठराव बहुमताने फेटाळला जातो. सैन्यात सक्तीच्या भरतीचा निर्णय होतो. सिद्धार्थ शस्त्र धरण्यास नकार देतो आणि त्या नकाराची शिक्षा आपल्या कुटुंबावर न येता स्वतःवर यावी म्हणून देशत्याग स्वीकारतो.

अट्ठकथेतील तथागत मोल विचारतात. बाबासाहेबांचा सिद्धार्थ रीत मागतो. या दोहोंत विरोध आहे असे आम्हास वाटत नाही. माणसाचे मोल पाण्याहून अधिक आहे, हे पटल्यावरही पाण्याचा प्रश्न उरतोच. पुढच्या ज्येष्ठात बांध पुन्हा आटणार आहे. त्या वेळी पाणी कसे वाटायचे याची मान्य रीत नसेल, तर पश्चात्ताप एका हंगामापुरताच टिकेल. बाबासाहेबांनी अहिंसेला न्यायाच्या रीतीची जोड दिली, ती याच जाणिवेतून. अहिंसा हा जड नियम नसून ती विवेकाने आचरायचे तत्त्व आहे, हा भेदही त्यांनी याच ग्रंथात केला. मारण्याची इच्छा आणि मारण्याची अनिवार्यता या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. जमावाच्या हिंसेत ही अनिवार्यता जवळजवळ कधीच नसते. असते ती इच्छा, आणि तिला दिलेले अनिवार्यतेचे नाव.

दौलताबादचा हौद

आता आपल्या परिसराकडे वळू. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि रमजानचा महिना चालू होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय धुतले आणि ती दारापाशी गेली. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान, अस्पृश्यांनी हौद बाटवला, असे ओरडत धावून आला. पाहता पाहता जमाव जमला आणि शिव्यांचा भडिमार सुरू झाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर नोंदवला आहे.

त्या नोंदीतील तीन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट : आम्ही बाहेरगावचे आहोत, येथील रिवाज आम्हास ठाऊक नव्हता, असे सांगताच जमावाचा राग तेथे आलेल्या स्थानिक अस्पृश्यांकडे वळला. पाहुण्यांना का सांगितले नाही, म्हणून त्यांना शिवीगाळ करण्यात आली, तेही ते त्या वेळी तेथे हजर नसताना. संघर्षातील क्रोध नेहमी उतारावरून वाहतो. जो सर्वांत दुबळा, त्याच्या दारी तो पोहोचतो. दुसरी गोष्ट : दंगल आणि कदाचित खूनही होऊ शकले असते, असे बाबासाहेब स्वतः लिहितात, तरीही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी संयम राखला. हा संयम भीतीचा नव्हता. आपण कशासाठी निघालो आहोत याचे भान त्यामागे होते. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे वागावे, असे एक तरुण म्हणाला, तेव्हा बाबासाहेबांनी काहीशा त्वेषाने विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या हौदाचे पाणी अडवाल काय? जमाव निरुत्तर झाला.

हा प्रश्न म्हणजे अहिंसेचे शस्त्र होय. त्यात समोरच्याच्या धर्माची निंदा नाही. उलट त्याच्याच धर्मातील समतेच्या तत्त्वापुढे त्याला उभे केले आहे. रोहिणीकाठच्या प्रश्नाशी त्याचे नाते उघड आहे. दोन्ही प्रश्न समोरच्याला माणूस मानतात, विचार करू शकणारा माणूस मानतात. ज्याला आपण पशू समजतो त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही.

तथापि या प्रश्नाने काय साधले नाही, हेही सांगितले पाहिजे. मंडळींना किल्ल्यात प्रवेश मिळाला, पण कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर; आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. प्रश्नाने जमाव गप्प झाला, पण पाणी खुले झाले नाही. पाणी खुले करायला कायदा लागला. १९२७ च्या महाड सत्याग्रहातही हेच दिसते. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिकारास सिद्ध झालेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले. पण ते तेथेच थांबले नाहीत. तळ्याचा दावा त्यांनी न्यायालयात दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत भेदभावाला बंदी आली आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. संयम, प्रश्न आणि कायदा हा तो क्रम आहे. यांपैकी एकही कडी गळाली की उरलेल्या दोन दुबळ्या होतात.

दौलताबादचा प्रसंग हल्ली कधी कधी एका समाजाविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो. बाबासाहेबांनी त्या लेखनातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो मुसलमान आणि पारशी यांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांना दाखवायचे होते. बोट एका धर्माकडे नव्हते. साऱ्या समाजात भिनलेल्या जातीकडे होते. आणि त्यांचे प्रत्युत्तर काय होते? ज्या परिसरात हौदाचे पाणी नाकारले गेले, तेथून जवळच, औरंगाबादेत, १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांच्यातील प्रश्नोत्तरांचे स्मरण करून देणारे हे नाव योगायोगाने आलेले नाही.

अधिकरणसमथ : कलह शमविण्याच्या सात रीती

बौद्ध परंपरा केवळ सद्भावनेवर विसंबलेली नाही, हे विनयपिटकावरून स्पष्ट होते. पातिमोक्खाच्या अखेरीस कलह शमविण्याच्या सात रीती आल्या आहेत आणि चुल्लवग्गातील समथक्खन्धकात त्यांचे विवेचन आहे. पहिली सम्मुखाविनय : संघ, धम्म, विनय आणि वादाशी संबंधित व्यक्ती यांच्या समक्ष निवाडा करावा, पाठीमागे नव्हे. दुसरी सतिविनय : ज्याची स्मृती पूर्ण जागृत आहे अशा निर्दोष व्यक्तीवर खोटा आरोप आला तर तिला मुक्त करावे. तिसरी अमूळ्हविनय : चित्तभ्रमाच्या अवस्थेत घडलेल्या कृत्याबद्दल, भ्रम दूर झालेल्या माणसाला दोषी धरू नये. चौथी पटिञ्ञातकरण : आरोपिताच्या कबुलीवाचून निर्णय लादू नये. पाचवी येभुय्यसिका : मतैक्य होत नसेल तेव्हा शलाका वाटून बहुमताने ठरवावे. सहावी तस्सपापियसिका : जो चौकशीत टोलवाटोलवी करतो, खोटे बोलतो, त्याला त्याबद्दल निराळा दंड द्यावा. सातवी तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे.

ही सातवी रीत आजच्या शांतता समित्यांनी समजून घेण्याजोगी आहे. दीर्घ भांडणात दोन्ही बाजूंनी इतके बरेवाईट बोलले आणि केले गेले असेल की एकेक दोष उकरून काढल्यास भांडण अधिकच चिघळेल, तर दोन्ही पक्षांच्या वतीने एकेका जाणत्याने सर्वांची एकत्रित कबुली द्यावी आणि घाणीवर गवत पसरावे तसे ते प्रकरण मिटवावे. रीत व्यवहार्य आहे. परंतु विनयाने तिला दोन अपवाद जोडले आहेत, आणि त्यांची चर्चा क्वचितच होते. गंभीर स्वरूपाचे दोष या गवताखाली झाकता येत नाहीत. आणि गृहस्थांच्या संबंधात घडलेले दोषही झाकता येत नाहीत. संघातील आपसातले कठोर बोलणे संघ आपसात मिटवू शकतो. पण ज्याचे नुकसान झाले तो बाहेरचा माणूस असेल, तर त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार संघाला नाही.

शांतता आणि न्याय यांचा मेळ कसा घालावा याचे याहून नेमके सूत्र आम्हास अन्यत्र सापडलेले नाही. शिवीगाळ, मानापमान, मिरवणुकीतील धक्काबुक्की यांवर गवत पसरावे. खून, जाळपोळ आणि अत्याचार यांवर नाही.

मराठवाडा : १९७८ ते १९९४

या कसोटीवर नामांतराच्या इतिहासाकडे पाहावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील खेड्यांत बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली; नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे हे त्या शहिदांपैकी एक. येथेही रोहिणीकाठचाच क्रम दिसतो. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता; हल्ला मात्र ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशा शेतमजुरांवर, त्यांच्या जन्मावरून झाला. ठराव अमलात यायला सोळा वर्षे लागली. लाँग मार्च निघाला, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले.

विद्यापीठाच्या नावात अखेर दोन्ही नावे राहिली. हा तोडगा अनेकांना अपुरा वाटला, तरी समाजाने तो स्वीकारला आणि तो टिकला. नावाच्या प्रश्नावर मधला मार्ग निघू शकतो. खुनाच्या प्रश्नावर निघू शकत नाही. ज्या गावांत जाळपोळीनंतर, झाले गेले विसरा, असे पीडितांनाच सांगितले गेले, तेथे गवत चुकीच्या जागी पसरले गेले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९ हा अशा दडपणाला उत्तर म्हणून महत्त्वाचा ठरतो. न्यायाची मागणी हा सूड नव्हे. सूड घेणारा स्वतःच न्यायाधीश होतो. न्याय मागणारा तिसऱ्यापुढे उभा राहण्यास तयार असतो, आणि म्हणून स्वतःच्या वर्तनाचीही चौकशी पत्करतो. वैराने वैर शमत नाही या बुद्धवचनाचा अर्थ गुन्हेगाराला मोकळे सोडावे असा नाही. दंड द्यायचा तो कायद्याने, द्वेषरहित बुद्धीने, एवढाच त्याचा आशय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून संविधानिक मार्ग धरण्याचे आवाहन केले, आणि त्याच भाषणात बौद्ध भिक्षुसंघाच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले. ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सर्व त्या संघाला ठाऊक होते. समथक्खन्धक डोळ्यांपुढे ठेवून ते भाषण वाचले म्हणजे त्याचे मर्म अधिक उमगते.

पशुसंज्ञा आणि माणूसपण

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात हिंसेची वंशावळ सांगितली आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. ऱ्हासाच्या टोकाला सात दिवसांचा एक काळ येतो, ज्यात माणसांना परस्परांविषयी ‘मिगसञ्ञा’ उत्पन्न होते. हा पशू आहे, असे समजून माणूस माणसाला मारतो. सुत्तकाराने हिंसेचे मूळ अन्यायात दाखवले आणि तिचे शेवटचे रूप संज्ञेत, म्हणजे दुसऱ्याकडे पाहण्याच्या दृष्टीत दाखवले. दंगलीत दुसऱ्या समाजाला जी नावे ठेवली जातात ती ऐकली म्हणजे ही पशुसंज्ञा कशी तयार होते ते कळते. पण त्याच सुत्तात असेही आहे की काही माणसे, मारायचे नाही आणि मरायचे नाही, असे ठरवून गवतात आणि रानात लपतात. सात दिवसांनी बाहेर येऊन, तू जिवंत आहेस, या आनंदाने ती एकमेकांना मिठी मारतात. मानवजातीचा पुनरुद्धार तेथून सुरू होतो.

वासेट्ठसुत्तात याला तात्त्विक आधार मिळतो. गवत, कीटक, पक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे निसर्गतः आहेत. माणसामाणसांत तशी नाहीत, तेथे केवळ व्यवहारातील नावे आहेत. वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या विशाल विहाराला लोक महारवाडा म्हणत आले. जेथे एकेकाळी भिक्षू दगडी ओट्यांच्या रांगांमध्ये बसत, त्या स्थानालाही जातीचे नाव चिकटले. नाव माणसे देतात. ती चिकटलेली नावे निराळी करून त्यांच्या मागचा माणूस पाहणे, हीच मानवी प्रतिष्ठा.

खुलताबादेत काय करावे?

औरंगजेबाविषयी आदर बाळगण्याचे बौद्धांना काहीच कारण नाही. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना त्याने क्रूरपणे ठार मारवले, हा इतिहास आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. परंतु कबरीचा प्रश्न आदराचा नाही. ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील वास्तू आहे. जो कायदा त्या कबरीला संरक्षण देतो तोच वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांना देतो. कोणते स्मारक राहावे आणि कोणते जावे हे जमावाने ठरवायचे, ही रीत एकदा रूढ झाली, तर संख्येने अल्प असलेल्यांची स्मारके सर्वांत आधी धोक्यात येतील. एखाद्या वास्तूचे संरक्षण काढावे असे कोणास वाटत असेल, तर त्याने संसदेत, शासनाकडे, न्यायालयात जावे. सिद्धार्थाने मागितलेला पाचवा माणूस तो हाच.

हा वाद दोन इतर समाजांचा आहे, असे म्हणणाऱ्यांना दौलताबादच्या दारातील स्थानिक अस्पृश्यांची आठवण द्यावीशी वाटते. ते कोणत्याच बाजूचे नव्हते. तरी शिव्या त्यांना खाव्या लागल्या. खुलताबादेत फुले, चादरी, प्रसाद विकून पोट भरणारे, रिक्षा चालवणारे, लेण्यांपाशी फळे विकणारे लोक सर्व समाजांचे आहेत. तणाव वाढला की प्रथम त्यांचीच चूल थंडावते. आणि दंगलीत पुढे ढकलण्यासाठी तरुण हवे असतात तेव्हा ते गरीब वस्त्यांतूनच उचलले जातात, हे आपण विसरू नये. आपल्या वेदनेची आठवण दुसऱ्याच्या युद्धासाठी उसनी देऊ नये.

विहारांना आणि उपासक-उपासिकांना करण्याजोगी कामे आहेत. पहिले काम वाणीचे. इकडचे ऐकून तिकडे फूट पाडण्यासाठी न सांगणे, दुभंगलेल्यांना जोडणे, हे सम्यक वाचेचे अंग आहे. भ्रमणध्वनीवर आलेला प्रक्षोभक संदेश खातरजमा न करता पुढे पाठविणे ही आजची पिसुणा वाचा होय. नागपुरात एका अफवेने काय केले ते आपण पाहिले. दुसरे काम समक्षतेचे. अफवा उठली की दोन्ही वस्त्यांतील जाणत्यांनी एकत्र जाऊन जागेवर पाहावे. सम्मुखाविनयाचा अर्थ तोच. तिसरे काम पीडितांच्या पाठीशी उभे राहण्याचे. पीडित कोणत्याही धर्माचा असो, त्याची फिर्याद नोंदली जाईल, साक्षीदार घाबरणार नाही, दवाखान्यात कोणीतरी सोबत असेल, हे पाहावे. चौथे काम तरुणांना प्रश्न विचारायला शिकवण्याचे. हा कलह कशासाठी आहे? आपल्याही माणसांनी आगळीक केली काय? यात कोणाचे मोल किती? हे तीन प्रश्न ज्या तरुणाला विचारता येतात, त्याच्या हाती दगड देणे अवघड जाते.

अहिंसा ही दुर्बलाला गप्प बसवण्याची युक्ती ठरते, पण केव्हा? जेव्हा ती न्यायापासून तोडून त्याच्या गळ्यात बांधली जाते तेव्हा. तथागतांनी ती तशी कधी शिकवली नाही आणि बाबासाहेबांनी ती तशी कधी स्वीकारली नाही. त्यांच्या अहिंसेत हात आवरलेला असतो, आवाज नव्हे. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर आणि बादशहा औरंगजेब हे दोघेही आज एकाच गावच्या मातीत आहेत. त्या मातीवर जगणाऱ्यांना मात्र पाणी, रोजगार, शाळा आणि निर्भय रस्ता हवा आहे. ते त्यांना सन्मानाने मिळवून देण्यासाठी झटणे, हीच संघर्षकाळातील धम्मसेवा होय, असे आम्हास वाटते.